भाषाशास्त्र करायचंय, आणि पप्पा म्हणतात बीकॉम कर

«ताई, मी घणसोली गावात राहते. बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायो दोन्ही घेतलंय, पण मला डॉक्टर-इंजिनीअर काहीच व्हायचं नाही. मला भाषा आवडतात. घरी आम्ही आगरी बोलतो, शाळा सेमी-इंग्रजी झाली, हिंदी सगळ्यांनाच येते. कोरियन सिरियल बघता बघता ती लिपी शिकले, आता मोबाइलवर थोडं जपानी चालू आहे. एका व्हिडिओत कळलं की भाषाशास्त्र नावाचा वेगळा विषय असतो. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "व्याकरन शिकून काय करनार? बीकॉम कर, नायतं एमआयडीसीत वलखीनं लावतो." क्लासच्या मॅडम म्हणाल्या, आधी स्वतःची भाषा शुद्ध कर, मग भाषाशास्त्राचं बघ. बीएला हा विषय मुंबईत कुठे मिळतो? नाही मिळाला तर बाहेर जाऊ का? आणि पुढे नोकरी मिळते का? खरं सांगा.»
– एक वाचक, घणसोली

खरं सांगा म्हणालीस, तर आधी नकोसं आहे ते सांगून मोकळी होते. ठाणे, नवी मुंबई, मुंबई या पट्ट्यात बारावीनंतर थेट भाषाशास्त्रात बी.ए. करायचं म्हटलं तर हाताला फारसं काही लागत नाही. आपल्याकडे हा विषय मुख्यतः एम.ए.पासून सुरू होतो. मुंबई विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग कालिन्याला आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, पण एम.ए.साठी. बी.ए.ला मराठी किंवा इंग्रजी मुख्य घेतलंस तर भाषाविज्ञानाची (म्हणजे भाषाशास्त्राचीच) एखाददुसरी पत्रिका, म्हणजे पेपर, वाट्याला येते, आणि ती गोडीची होणार की घोकंपट्टीची, हे शिकवणाऱ्यावर. नोकरीचं म्हणशील, तर नुसती भाषाशास्त्राची बी.ए. घेऊन बाहेर पडलीस तर ठाणे-बेलापूर रोडवर कोणी तुला बोलवायला उभं नसेल. पप्पांची काळजी खोटी नाही.

एवढं वाचूनही पुढे वाचावंसं वाटत असेल तर ठीक. पहिली पदवी भाषाशास्त्राची नसली तरी तुझं काही अडत नाही. एम.ए.ला सहसा कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्र करून आलेली मुलं तिथे मागे पडत नाहीत, उलट काही बाबतीत पुढेच असतात. ठरवायच्या गोष्टी दोनच. मधली तीन-चार वर्षं कशात घालायची, आणि त्याच्याही आधी, हा विषय तुला खरंच आवडतो का.

दुसरी गोष्ट आधी घेते, कारण पत्रात तू "मला भाषा आवडतात" असं लिहिलंयस आणि तिथे थोडी गफलत होण्याचा संभव आहे. भाषा आवडणं आणि भाषाशास्त्र आवडणं या दोन निराळ्या आवडी आहेत. पाच भाषा फाडफाड बोलणाऱ्या माणसाला भाषाशास्त्राचा तास रटाळ वाटू शकतो, आणि मराठी-इंग्रजीपलीकडे एक अक्षर न येणारी मुलगी त्यात रमून जाऊ शकते. जपानीत पाणी कसं मागायचं हे शिकणं म्हणजे भाषा शिकणं. मराठीत तू मुलगी असून "मी आंबा खाल्ला" असं पुल्लिंगी क्रियापद का वापरतेस, "मी आंबा खाते" म्हणताना मात्र स्त्रीलिंगी का होतेस, आणि "पोळी" आली की लगेच "खाल्ली" कसं होतं, हा भाषाशास्त्राचा प्रश्न. भूतकाळात क्रियापदाने कर्त्याचा हात सोडून कर्माचा धरला, वर्तमानकाळात तसं केलं नाही. हे तू रोज करतेस, एकदाही चुकत नाहीस, आणि कोणी कारण विचारलं तर सांगता येणार नाही. हे असं न सांगता येणारं शोधून काढून नीट मांडणं, हाच या विषयाचा उद्योग.

तुझ्या कोरियन लिपीचंच घे. ती १४४६ साली राजा सेजोंगच्या काळात जाहीर झाली आणि तिच्यातल्या मूळ व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांवरून काढलेत. 'न'चं अक्षर म्हणजे जिभेचं टोक वर टेकलेलं, 'ग'चं म्हणजे जिभेचा मागचा भाग उचललेला. शिकताना तुला हे कळलं होतं का? कळल्यावर सिरियल थांबवून आरशासमोर तोंड उघडून बघितलंस का? मग लगेच आपली वर्णमाला आठव. क, च, ट, त, प. घशाकडून सुरुवात करून ओठांपर्यंत. पहिलीत पाठ केलेली ही ओळ म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. हे वाचून "अरेच्चा" झालं असेल तर गोष्ट पुढे नेण्यासारखी आहे. "बरं, मग?" झालं असेल तर जपानीचा चांगला क्लास लाव. भाषा शिकवणं, दुभाषाचं काम, अनुवाद यांतही भरपूर काही करता येतं आणि त्याला भाषाशास्त्राचा वळसा घ्यायलाच हवा असं नाही.

आता खरी चाचणी. घरबसल्या होते, पैसे पडत नाहीत.

तुझ्या आजीसमोर वही घेऊन बस. (आजी नसतील तर शेजारच्या कुणी, साठीच्या पुढच्या, गावातच जन्मलेल्या.) त्या 'गाडी'ला 'गारी' म्हणतात, 'साडी'ला 'सारी', 'घोडा' त्यांच्या तोंडी 'घोरा' होतो आणि 'कोळीवाडा' तर 'कोलीवारा' म्हणून सगळ्या महाराष्ट्राला गाण्यांतून ठाऊक आहे. बाहेरचा माणूस ऐकून म्हणतो, आगरी लोकांना 'ड' म्हणता येत नाही. थांब. मग 'डोळा' काय होतो? 'डोला'. 'ळ'चा 'ल' झाला, पण सुरुवातीचा 'ड' ठणठणीत आहे. 'डोंगर'ही डोंगरच. म्हणजे म्हणता येत नाही हे कारण तिथेच निकालात निघालं. 'ड' बदलतो तो दोन स्वरांच्या मध्ये सापडला की. शब्दाच्या तोंडाशी असला की त्याला कोणी हात लावत नाही.

हा झाला अंदाज. आता तो मोडायचा प्रयत्न कर, कारण अंदाज मोडता येतो का हे बघण्यातच या विषयाचा बराचसा वेळ जातो. हिंदीकडे बघ. तिथेही दोन स्वरांमधला 'ड' साधा राहत नाही, त्याला खाली टिंब देऊन लिहितात, घोड़ा, सड़क, लड़का. सुरुवातीला मात्र साधा, डर, डाल. आणि अनुनासिकानंतर? अंडा, ठंडा. तिथेही साधाच. मग आगरीत 'हंडी', 'तोंड', 'धोंडा' यांचं काय होतं? मी उत्तर देणार नाही, तू ऐकून लिही. जोडाक्षरातला 'ड' काय करतो? शब्दाच्या अगदी शेवटी आला तर, जसं 'झाड', 'गोड'? आणि सगळ्यांत मजेचं म्हणजे, 'वाडा'चा 'वारा' झाला तर अंगाला लागणारा वारा आणि राहायचा वाडा एकच ऐकू येतात का, की आजी कुठेतरी बारीकसा फरक राखून आहेत? तसंच 'काळ' आणि 'काल'. कानाने ठरत नसेल तर आजींकडून दोन्ही शब्द पाच-पाच वेळा म्हणवून मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच उलटसुलट क्रमाने ऐकवून विचार, हा कुठला. त्यांना ओळखता आलं तर फरक आहे, तुझ्या कानाला तो ऐकू येवो न येवो.

चाळीसेक शब्द जमले की वहीत रकाने पाड. शब्दात 'ड' कुठे आलाय, आधी काय आहे, नंतर काय आहे, आजी काय म्हणतात, पप्पा काय म्हणतात, तू काय म्हणतेस. शेवटचे तीन रकाने एकसारखे निघणार नाहीत अशी माझी पैज. पप्पा घरी 'गारी' म्हणत असतील आणि कंपनीच्या फोनवर 'गाडी'. ते फोनवर नातेवाइकाशी बोलतायत की साहेबाशी, हे तुला दुसऱ्या खोलीतून नुसत्या आवाजावरून ओळखता येतं की नाही? त्या ओळखण्यामागे कुठले आवाज आहेत, ते लिहून काढ. भाषाशास्त्राची समाजभाषाविज्ञान नावाची अख्खी शाखा यावर उभी आहे. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने साठच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त, जाऊन विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंबद्दल विचारलं, म्हणजे उत्तरात "फोर्थ फ्लोअर" येणारच. मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा वदवून घेतलं. 'र' किती जणांच्या तोंडून उमटतो ते मोजायचं, एवढंच. दुकान जितकं महागडं तितका 'र' जास्त. ना प्रयोगशाळा, ना यंत्र. वाशीच्या मॉलमध्ये आणि घणसोलीच्या मासळी बाजारात तू असलं काहीतरी उद्या करू शकतेस. फक्त कुणाचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचार, आणि रेकॉर्डर दिसला की माणूस जरा "चांगलं" बोलायला लागतो हे गृहीत धर.

रकाने भरताना दोन तास कसे गेले कळलं नाही, असं झालं तर तू भाषाशास्त्राची. विसाव्या शब्दाला कंटाळा आला तर त्यातही लाज नाही, पण पाच वर्षं घालवण्यापूर्वी कळलेलं बरं.

मॅडमच्या "आधी भाषा शुद्ध कर"बद्दल फार लिहीत नाही. बोर्डाच्या पेपरात प्रमाण मराठी लिहायची, तिथे हट्ट करायचा नाही, मार्क आपले आहेत. पण भाषाशास्त्राच्या दारात तुझी आगरी हे भांडवल आहे. इंग्रजांच्या काळातल्या जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा सातवा खंड मराठीचा. तो १९०५ साली छापला गेला आणि त्यात आगरीचीही नोंद आहे. त्या माणसाने सगळीकडून बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्या-त्या बोलीत लिहवून घेतली होती, म्हणजे तुलना करता यावी. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. त्याचा संग्रह इंटरनेटवर आहे आणि त्यात माणसं बोलताना ऐकू येतात. वही भरून झाल्यावर तो ऐक, आधी नको. आधी ऐकलंस तर त्यात जे आहे तेच तुला आजींच्या तोंडून ऐकू यायला लागेल. आणि हो, २०११च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची छाननी करून १३६९ नावं उरली, ती पुढे १२१ भाषांखाली घातली गेली. तुझ्या घरच्यांनी त्या वेळी "मराठी" सांगितलं की "आगरी", विचार त्यांना. उत्तर मोठं बोलकं असतं.

दोन गोष्टी फुकट आहेत, त्या बारावीच्या अभ्यासाला धक्का न लावता करता येतील. एक, आवाज चित्राच्या रूपात दाखवणारं 'प्रात' नावाचं सॉफ्टवेअर. ॲमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी बनवलेलं, कुणालाही उतरवून घेता येतं. त्यात स्वतःच्या आवाजात "ताट" आणि "थाट" रेकॉर्ड करून शेजारी शेजारी ठेव. 'थ' सुटल्यावर स्वर सुरू होण्याआधी श्वासाचा एक खरखरीत तुकडा दिसेल, 'त'मध्ये तो जवळजवळ नसेल. फिजिक्समध्ये लहरी शिकलीस त्या इथे उपयोगी पडतील, सायन्स वाया गेलं असं म्हणायची सोय नाही. दुसरी गोष्ट, भाषाशास्त्राचं ऑलिम्पियाड. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३पासून होते, २०१६ साली ती आपल्याकडे मैसूरला झाली होती, आणि भारताचा संघ पाणिनी ऑलिम्पियाडमधून निवडतात. कधी न ऐकलेल्या भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, त्यावरून नियम शोधून पुढची वाक्यं बनवायची. पाठांतराचा संबंध नाही. जुने प्रश्न उत्तरांसकट इंटरनेटवर आहेत. ही स्पर्धा विद्यापीठात प्रवेश घेण्याआधीच्या मुलांसाठी असते, तेव्हा बसायचं तर याच वर्षी. स्पर्धेत काही मिळो न मिळो, चार प्रश्न सोडवलेस तरी स्वतःबद्दल पुष्कळ कळेल.

आता पदवी. बाहेर जायची तयारी असेल तर बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ या दोन ठिकाणी भाषाशास्त्र बी.ए.लाच शिकवतात. केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीयूईटीचे अर्ज बारावीच्या निकालाची वाट बघत नाहीत, ते आधीच भरायचे असतात. निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्या मुलांचं दरवर्षी वर्ष जातं, म्हणून हे ठळकपणे सांगते. कुठला विषय कुठल्या परीक्षेतून, हे त्या-त्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. मोबाइलवर फिरणाऱ्या यादीवर जाऊ नकोस.

जाऊ का, असं विचारलंयस. माझं मत विचारशील तर, फक्त भाषाशास्त्रासाठी आत्ता जाऊ नको. घराबाहेर पडायचंच आहे, हॉस्टेलला राहून बघायचंय, उत्तरेत चार वर्षं काढायची हौस आहे, तर खुशाल जा, तेही एक शिक्षण आहे. पण पप्पांशी भांडून, कर्ज काढून, सतराव्या वर्षी नुकत्या ऐकलेल्या विषयासाठी तेवढं लांब जाणं मला पटत नाही. तो विषय तीन वर्षांनी कालिन्याला तुझी वाट बघत असणारच आहे. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून फास्टने कुर्ला आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा, एवढाच प्रवास. दगदगीचा आहे, पण रात्री जेवायला घरी.

तुझ्याकडे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहे म्हणून दोन वाटा आणखी उघड्या आहेत, ज्या कलाशाखेच्या मुलीला नसत्या. गणित खरोखर चांगलं असेल तर हैदराबादची आयआयआयटी बघ. तिथे संगणकशास्त्राच्या बी.टेक.ला जोडून संगणकीय भाषाविज्ञानात एम.एस., असा पाच वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम आहे. प्रवेश अवघड, फीही कमी नाही, पण "नोकरी?" हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. पत्रात तू गणिताबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस, त्यावरून मी काय समजायचं ते समजले. दुसरी वाट मला तुझ्यासाठी जास्त जवळची वाटते, वाचा आणि श्रवण चिकित्सेची पदवी. बी.ए.एस.एल.पी. म्हणतात तिला. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम, मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ती शिकवतात. ध्वनी कसे तयार होतात, मूल भाषा कसं शिकतं, पक्षाघातानंतर माणसाचे शब्द कसे हरवतात, असं पुष्कळ भाषाशास्त्र त्यात आहे, आणि शेवटी हातात एक पेशा आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलांना घेऊन पालक थेरपिस्ट शोधत फिरताना मी ठाण्यात बघते. आगरी किंवा मालवणी घरातल्या मुलाची चाचणी घेताना "हे मूल चुकतंय" आणि "हे मूल घरच्यासारखं बोलतंय" यांतला फरक ओळखणारी थेरपिस्ट त्या मुलाला भेटली तर किती बरं. 'गारी' म्हणणाऱ्या पोराला 'ड' येत नाही असं लिहून देणारी नको. पण हे काम माणसांशी, रडणाऱ्या लेकरांशी, थकलेल्या आयांशी आहे. तुला वहीतले रकानेच आवडत असतील तर तिथे तुझी घुसमट होईल.

दोन्ही वाटा नकोत असं वाटलं, तर ठाण्यात किंवा वाशीत नीट महाविद्यालय बघून बी.ए. कर. मी तुझ्या जागी असते तर मानसशास्त्र मुख्य घेतलं असतं, जोडीला इंग्रजी किंवा मराठी. मानसशास्त्रात प्रयोग कसा रचायचा आणि आकडे कसे वाचायचे हे शिकवतात, आणि आजचं भाषाशास्त्र त्यावाचून हलत नाही. नुसतं मराठी साहित्य किंवा नुसतं इंग्रजी साहित्य घ्यायला माझा विरोध नाही, पण कादंबरीची समीक्षा लिहून 'ड'चं कोडं सुटत नाही, एवढं लक्षात ठेव. गणिताशी वैर नसेल तर संख्याशास्त्र याहूनही उत्तम. जे घेशील त्याबरोबर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. हजार वाक्यांतून 'ने' प्रत्यय लागलेले शब्द वेचून मोजता येण्याइतका आला तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. वाचायला ना. गो. कालेलकरांची मराठी पुस्तकं शोध, साध्या मराठीत इतकं नेटकं भाषाशास्त्र फार कमी लोकांनी लिहिलंय. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारून बघ. ते १८९३पासूनचं आहे, जुनं काही हवं असलं की मी पहिल्यांदा तिथेच जाते.

पप्पांशी बोलायचं ते नोकरीवरच बोल, "माझी आवड" हा शब्द काढू नकोस. त्यांना हे सांग, आणि वाढवून सांगू नकोस. भाषाशास्त्राचे प्राध्यापक व्हायचं तर एम.ए., नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), पीएच.डी. अशी लांब रांग आहे आणि जागा मोजक्या. त्याच्या भरवशावर राहायचं नाही. पण संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचं काम सध्या जोरात आहे. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' सुरू केलं ते त्यासाठीच. आपल्या पवईच्या आयआयटीत मराठी शब्दांचं 'शब्दबंध' नावाचं जाळं बनवलंय, कुठला शब्द कुठल्या अर्थाला जोडलेला, असं. कंपन्यांना मराठी वाक्यं तपासणारी, त्यांवर खुणा करणारी, उच्चार ऐकून लिहिणारी माणसं लागतात. सुरुवातीचं काम कंटाळवाणं असतं, पगार बेताचा, आणि पुष्कळदा कंत्राटी. नियम बनवू शकणारा, आकडे वाचू शकणारा माणूस त्यातून वर चढतो, नुसत्या खुणा करणारा तिथेच राहतो. अनुवादाचं सोपं काम यंत्राने बरंचसं खाल्लंय, हेही पप्पांना सांग, नाहीतर ते कुणाकडून तरी ऐकतीलच. सबटायटल, शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, अमराठी लोकांना मराठी शिकवणं, ही कामं मुंबईत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याने या कामांना थोडं बळ येईल अशी आशा करायला हरकत नाही, पण दर्जा मिळाला म्हणून तुझ्या घरी नेमणुकीचं पत्र येणार नाही.

मानसशास्त्राची पदवी आणि थोडं प्रोग्रामिंग असेल, तर भाषाशास्त्र नाही जमलं तरी रस्ते बंद होत नाहीत, हा मुद्दा पप्पांना पटेल असं मला वाटतं. बीकॉमचा आग्रह धरणाऱ्या माणसाला हवं असतं ते हेच, की मुलगी अडकून पडू नये. आणि एमआयडीसीतल्या ओळखीला नाही म्हणून तोडू नकोस. सुट्टीत महिनाभर जा. एका शेडमध्ये आगरी, भोजपुरी, तमिळ आणि सुपरवायझरची मराठी एकत्र ऐकायला मिळेल, वही बरोबर ने.

महाविद्यालयात चौकशीला जाशील तेव्हा माहितीपत्रकावर भागवू नकोस, खिडकीवर नाही तर विभागात जाऊन विचार. मानसशास्त्र मुख्य असताना जोडीचा विषय म्हणून इंग्रजी किंवा मराठी नक्की मिळतं का, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांच्या जोड्या कागदावर वेगळ्या आणि वेळापत्रकात वेगळ्या, असं बऱ्याच ठिकाणी चाललंय. मराठी किंवा इंग्रजीत भाषाविज्ञानाची पत्रिका आहे का, कुठल्या सत्रात, आणि गेल्या वर्षी ती प्रत्यक्षात शिकवली गेली होती का. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प स्वतः निवडता येतो का, की सरांनी दिलेलाच करायचा. ही उत्तरं तिथल्या एखाद्या शेवटच्या वर्षाच्या मुलीकडूनही पडताळून घे, ती कार्यालयापेक्षा खरं सांगेल.